निनावी हस्तलिखित प्रहसन कोणाचे, हे कसे ठरवावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅसॅच्युसेट्समधील एका जुन्या घराच्या सामानविक्रीत पुस्तकांच्या खोक्याबरोबर आपल्याला हाताने लिहिलेली एक वही मिळाली. तिच्यात तीन अंकी उपहासात्मक नाटक आहे. नव्याने पैसा आलेली आणि चुकीचे फ्रेंच बोलणारी एक गृहिणी, तिच्या मागेपुढे करणाऱ्या गावातल्या बायका आणि गरिबांसाठी कपडे शिवण्याच्या निमित्ताने जमून दिवसभर परनिंदा करणारे शिवणमंडळ असा त्याचा विषय आहे. वहीवर नाव नाही आणि सनही नाही. हे ‘लिटल विमेन’ या कादंबरीची लेखिका लुईझा मे ऑल्कॉट हिचे असू शकेल असे आपल्याला एका परिचिताने सुचवले आहे. अक्षर जुळवून ते सिद्ध करता येईल का, आणि ते तिचे नसेल तर एकोणिसाव्या शतकातील दुसऱ्या कोणत्या अमेरिकन लेखिकेचे असेल, असे आपण विचारता.

हस्तलिखितांच्या सूची करण्यात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून मी आपल्याला आग्रहाने सांगतो की अक्षरापासून सुरुवात करू नये आणि प्रसिद्ध नावापासून तर मुळीच करू नये. नाव हा या शोधाचा शेवटचा टप्पा आहे. पहिला प्रश्न असा की ही वही कोणासाठी तयार झाली: व्यावसायिक रंगभूमीसाठी, दिवाणखान्यातल्या हौशी प्रयोगासाठी, की लेखिकेच्या स्वतःच्या मेजासाठी. त्याचे उत्तर मिळाले की शोधाचे क्षेत्र पुष्कळ लहान होते.

नाटक हाताने लिहिलेल्या स्थितीतच राहिले, म्हणजे ते छापण्याच्या योग्यतेचे नव्हते, असा समज आपण प्रथम दूर करावा. अमेरिकेत 1856 पर्यंत कायद्याने नाटककाराला छापील पुस्तकावर हक्क मिळत असे, पण प्रयोगावर मिळत नसे. नाटक एकदा छापले की कोणत्याही मंडळीने त्याचा प्रयोग करावा आणि लेखकाला काही देऊ नये, अशी स्थिती होती. म्हणून ज्या नाटकाला रंगभूमीवर किंमत होती तेच नाटक मुद्दाम हस्तलिखितात ठेवले जाई. ऑगस्ट 1856 च्या कायद्याने प्रयोगाचा हक्क दिला, तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. ॲना कोरा मोवॅट हिचे ‘फॅशन’ हे प्रहसन 24 मार्च 1845 रोजी न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरमध्ये लागले आणि सुमारे तीन आठवडे चालले. त्या काळी एका अमेरिकन नाटकाला एवढे प्रयोग मिळणे ही मोठी गोष्ट होती. कवी आणि समीक्षक एडगर ॲलन पो याने त्यावर एकदा टीका लिहिली, पुन्हा पुन्हा जाऊन ते पाहिले आणि दुसऱ्यांदा लिहिले. तरीही हे नाटक छापून आले ते 1850 मध्ये, आणि तेही लंडनमध्ये. मधली पाच वर्षे त्या काळातले एक अत्यंत गाजलेले अमेरिकन प्रहसन हस्तलिखित प्रतींवरच जगत होते.

मोवॅटचा उल्लेख मी आणखी एका कारणासाठी करतो. आपल्या वहीतली चुकीचे फ्रेंच बोलणारी नवश्रीमंत बाई ही ‘फॅशन’मधल्या मिसेस टिफनीची सख्खी बहीण दिसते. मिसेस टिफनी आपल्या फ्रेंच मोलकरणीकडून शिष्टाचार शिकते आणि मुलीचे लग्न ज्या फ्रेंच सरदाराशी लावायला निघते तो शेवटी आचारी निघतो. या नाटकानंतर अशा पात्राची रूढीच पडली. सिडनी बेटमन हिचे 1856 चे ‘सेल्फ’ हेही न्यूयॉर्कच्या पैशावरचे आणि दिखाव्यावरचे नाटक आहे. म्हणून आपल्या वहीत हे पात्र आहे एवढ्यावरून लेखिका कळत नाही; तिने मोवॅटचे नाटक पाहिले, वाचले किंवा त्याच्याविषयी ऐकले असावे, म्हणजे वही बहुधा 1845 च्या नंतरची आहे, एवढेच कळते. माझ्या मते हीही बरीच मोठी माहिती आहे.

आता दिवाणखान्याकडे वळू. शतकाच्या मध्यावर न्यू इंग्लंडच्या सुशिक्षित घरांत हौशी नाटके हा हिवाळ्यातला नेहमीचा उद्योग होता. दोन खोल्यांमधली घडीची दारे उघडली की एक खोली रंगमंच होई आणि दुसरी प्रेक्षागृह. ज्या स्त्रियांना थिएटरच्या दारातून आत जाणेही कमीपणाचे वाटे, त्या येथे नाटक लिहीत, बसवीत आणि पुरुषांच्या भूमिकाही करीत. ऑल्कॉट भगिनींची नाटके याच वातावरणातली. कॉन्कॉर्डच्या हिलसाइड या घरात 1845 ते 1848 या काळात लुईझा आणि थोरली बहीण ॲना यांनी ती रचली, आणि लुईझाच्या मृत्यूनंतर 1893 मध्ये बॉस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्सने ‘कॉमिक ट्रॅजेडीज’ या नावाने ती छापली. ती वाचल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते: त्यांत चेटकिणी, किल्ले, विषाचे प्याले आणि कैदेतल्या नायिका आहेत, गावातल्या बायकांचा उपहास नाही. बारा ते सोळा वर्षांच्या लुईझाला अद्भुताची ओढ होती. तिचा उपहास पुढचा, अनुभवातून आलेला आहे. वडिलांच्या फ्रूटलँड्स या 1843 च्या आदर्श वसाहतीवर तिने तीस वर्षांनी, 1873 मध्ये, ‘ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स’ लिहिले, आणि तो गद्य लेख आहे. आपले नाटक तिचे असूच शकत नाही असे मी म्हणत नाही. कॉन्कॉर्डच्या हौशी नाट्यमंडळात ती पुढेही काम करीत होती. परंतु ती प्रसिद्ध आहे, एवढ्यामुळे तिचे नाव पुढे आले असेल, तर तो पुरावा नव्हे.

उपहास शेजाऱ्यांचा असतो, आणि आपल्या वहीत सर्वांत अधिक वेळ द्यावा अशी जागा हीच आहे. शोकनाटकातली राणी कुठल्याही देशाची चालते, पण प्रहसनातल्या शिवणमंडळाची अध्यक्षीण त्या गावातल्या प्रत्येकाला ओळखू येते, आणि ओळखू येते म्हणूनच हसू येते. फ्रान्सिस मिरियम व्हिचर या लेखिकेचे उदाहरण मला या संदर्भात फार महत्त्वाचे वाटते. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे तिचा नवरा चर्चमध्ये पाद्री होता. ती ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकात आपले नाव न देता गावातल्या शिवणमंडळाची शब्दचित्रे लिहीत असे. ती इतकी हुबेहूब उतरली की गावकऱ्यांनी लेखिका ओळखली, एका गृहस्थाने आपल्या पत्नीची बदनामी झाली म्हणून खटल्याची धमकी दिली आणि शेवटी त्या जोडप्याला गाव सोडावे लागले. व्हिचर 1852 मध्ये वारली; ‘विडो बेडॉट पेपर्स’ हे तिचे पुस्तक त्यानंतर निघाले आणि खूप खपले. कॅरोलाइन कर्कलंड हिने 1839 मध्ये मेरी क्लेव्हर्स या टोपणनावाने मिशिगनमधल्या नव्या वस्तीचे वर्णन केले, तेव्हा तिच्याही शेजाऱ्यांचा असाच रोष झाला. लेखिकेने नाव का लिहिले नसेल याचे उत्तर या दोन उदाहरणांत आहे. पुष्कळदा लाजेपेक्षा संसाराची चिंता मोठी होती, कारण नवऱ्याची नोकरीच पणाला लागत होती.

यातून शोधाची दिशाही मिळते. अशा नाटकाच्या समासात, पात्रांच्या यादीत किंवा शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने आद्याक्षरे लिहून ठेवलेली असतात: हे पात्र म्हणजे अमुक बाई, ही भूमिका तमुकने केली. त्याला आम्ही किल्ली म्हणतो. मर्सी ओटिस वॉरन ही आधीच्या पिढीतली. तिचे ‘द ग्रूप’ हे प्रहसन 1775 चे. त्यातला न्यायाधीश हेझलरॉड म्हणजे तिथला मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हर हे त्या वेळी मॅसॅच्युसेट्समध्ये सगळ्यांना ठाऊक होते, पण नाटक निनावी असल्यामुळे पुढे लेखकत्वाबद्दल शंका निघाली. अखेर 1814 मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, वृद्ध वॉरनने जॉन ॲडम्सकडे साक्ष मागितली, आणि माजी राष्ट्राध्यक्षाने बॉस्टन अथेनियम या ग्रंथालयात जाऊन तिथल्या प्रतीवर स्वतःच्या हाताने तिचे नाव लिहिले. हाताने लिहिलेल्या एका ओळीचे महत्त्व एवढे असते. म्हणून आपल्या वहीतली पेन्सिलीची कोणतीही खूण घाण समजून खोडरबराने पुसू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

व्यावसायिक रंगभूमीची वही असेल तर तिच्या खुणा वेगळ्या असतात. पात्राने उजव्या बाजूच्या पहिल्या विंगेतून यावे की दुसऱ्या, याची आद्याक्षरे, प्रॉम्प्टरच्या, म्हणजे आडून संवादांची आठवण देणाऱ्याच्या, घंटेच्या आणि पडद्याच्या सूचना, एकेका नटाचे संवाद वेगळे उतरवून घेतल्याच्या नोंदी तिच्यात दिसतात. दिवाणखान्याच्या वहीत ‘सोफ्यामागे लपते’, ‘जेवणाच्या खोलीतून येते’ अशा घरगुती सूचना असतात. मेजासाठी लिहिलेल्या वहीत रंगसूचना बहुधा तुटपुंज्या असतात आणि खाडाखोड भरपूर असते. पॉलिन हॉपकिन्स या कृष्णवर्णीय लेखिकेने 1879 मध्ये रचलेले ‘पिक्युलियर सॅम’ हे संगीत नाटक 1880 मध्ये बॉस्टनला रंगमंचावर आले. त्याचे हस्तलिखित आज नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहे. गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्या गुप्त मार्गावरचे ते नाटक विसाव्या शतकात पुष्कळ उशिरा छापले गेले. व्यावसायिक रंगभूमीचे नाटकही दीर्घकाळ हस्तलिखितातच राहू शकते, याची मोवॅटइतकीच ठळक साक्ष ते देते.

कागद आणि शाई यांवरून नाव कळत नाही, पण काळ कळतो. पान उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, पाहावे. डाव्या वरच्या कोपऱ्यावरून हलकेच बोट फिरवावे. शतकाच्या मध्यावरच्या पत्रलेखनाच्या कागदावर तिथे गिरणीचा उठावाचा लहानसा शिक्का असतो. लोहयुक्त शाई काळाने तपकिरी होते आणि कधी कधी कागद खाते. शाईच्या परीक्षणात अनिलीन हा कृत्रिम रंग सापडला तर लिखाण 1856 च्या आधीचे नाही, कारण तो रंगच त्या वर्षी शोधला गेला. भिंगाखाली रेघेच्या दोन्ही कडांना बारीक समांतर ओरखडे दिसले तर पोलादी निब वापरलेली आहे. पिसाच्या टाकाची रेघ मऊ असते. पान पिवळे पडून कडेने तुटत असेल तर तो लाकडाच्या लगद्याचा, म्हणजे शतकाच्या शेवटच्या तिसऱ्या भागातला कागद असण्याचा संभव अधिक; चिंध्यांचा जुना कागद आजही लवचीक राहतो. दोन ‘एस’ एकापाठोपाठ येतात तेथे पहिला लांबट, ‘एफ’सारखा काढला असेल तर लिहिणारी शतकाच्या पूर्वार्धात शिकलेली असावी. गोल, लयदार आणि जाड-बारीक रेघांचे स्पेन्सर पद्धतीचे वळण असेल तर ती 1850 च्या सुमारास किंवा नंतर शाळेत गेलेली असावी.

या सगळ्या बारकाव्यांचे मोल हन्ना क्राफ्ट्सच्या हस्तलिखिताने दाखवून दिले. गुलामगिरीतून पळालेल्या एका स्त्रीची ती कादंबरी ग्रंथपाल डोरोथी पोर्टर यांनी 1948 मध्ये 85 डॉलरना घेतली होती, आणि 2001 च्या लिलावात ती प्राध्यापक हेन्री लुई गेट्स यांनी विकत घेतली. परीक्षक जो निकेल यांनी शाई, कागद आणि टाक तपासून लिखाण 1850 च्या दशकातले ठरवले. दुरुस्तीसाठी चिकटवलेल्या चिठ्ठ्या शिवणकामाच्या अंगुस्तानाच्या टोकाने दाबलेल्या आहेत, हेही त्यांना दिसले. त्या लहानशा ठशाबद्दल मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ते पान मी बराच वेळ मिटवू शकलो नाही, कारण लिहिणारीचा हात आणि तिचे शिवणकाम दोन्ही त्यात एकत्र होते. खरे नाव मात्र 2013 मध्ये पुढे आले. ग्रेग हेचिमोविच या संशोधकाने तिला गुलाम म्हणून ठेवणाऱ्या नॉर्थ कॅरोलायनातील व्हीलर कुटुंबाची कागदपत्रे आणि तिथल्या माणसांच्या नोंदी वर्षानुवर्षे तपासून ती हन्ना बाँड असल्याचे दाखवले. विज्ञानाने दशक दिले आणि नाव मिळाले ते घराच्या कागदपत्रांतून, हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

आता अक्षर जुळवण्याविषयी. ते करावे, पण शेवटी करावे आणि एकाच दशकातल्या नमुन्यांशी करावे. एमिली डिकिन्सनचे अक्षर तीस वर्षांत इतके बदलले की त्या बदलावरूनच अभ्यासकांनी तिच्या कवितांचा कालक्रम लावला. तरुणपणाचे पत्र आणि उतारवयातली कविता शेजारी ठेवली तर दोन माणसांनी लिहिल्यासारखे वाटते. ऑल्कॉटच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे: उजवा हात दुखू लागला की लिहिणे थांबू नये म्हणून ती डाव्या हाताने लिहायला शिकली होती. केवळ अक्षरावर भिस्त ठेवल्याने काय होते याचे एक क्लेशदायक उदाहरण डिकिन्सनच्याच गावी घडले. ॲमहर्स्टच्या जोन्स ग्रंथालयाने 1997 मध्ये तिची एक अज्ञात कविता 21,000 डॉलरना लिलावात घेतली. अक्षर अचूक होते, कागदही त्या काळाचा होता, पण ती मार्क हॉफमन या बनावटकाराची कृती निघाली. ग्रंथालयाच्याच अधिकाऱ्याने ती कविता कोणाकडून कोणाकडे आली याचा माग चिकाटीने काढला, तेव्हा ते उघड झाले. म्हणून आपली वही ज्या घरातून आली ते घर, तिथली कुटुंबे आणि खोक्यातली बाकीची पुस्तके यांची नोंद आजच करून ठेवावी. त्या पुस्तकांवरची मालकांची नावे आपल्या वहीइतकीच मोलाची आहेत. ती पुस्तके अजून विकली नसतील तर विकू नयेत.

ऑल्कॉटविषयीचा सर्वांत मोठा शोधही अक्षरावरून लागला नाही. ती ए. एम. बर्नार्ड या टोपणनावाने सनसनाटी कथा लिहीत असे, हे लिओना रॉस्टनबर्ग यांनी 1943 मध्ये जाहीर केले. मॅडलिन स्टर्न यांच्यासोबत हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात काम करताना त्यांना एका प्रकाशकाची लुईझाला आलेली पत्रे सापडली होती आणि त्यांत ते टोपणनाव सरळ लिहिलेले होते. तिची सतराव्या वर्षी लिहिलेली ‘द इनहेरिटन्स’ ही कादंबरी त्याच ग्रंथालयात सूचीत नोंदलेली होती; जोएल मायरसन आणि डॅनियल शीली यांनी तिच्याकडे लक्ष दिले आणि ती 1997 मध्ये छापली गेली. शोध पुष्कळदा जुन्या सूचीतली एक ओळ नीट वाचण्यातून लागतो.

म्हणून सूचींकडे जावे. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयाने 1918 मध्ये दोन खंडांची एक सूची छापली, तिच्यात 1870 ते 1916 या काळात हक्कनोंद (कॉपीराइटची नोंद) झालेल्या नाटकांची शीर्षके आहेत. पुष्कळदा फक्त शीर्षक नोंदलेले असे आणि संहिता जमा केलेलीच नसे, त्यामुळे एखाद्या हरवलेल्या नाटकाचे नाव तिच्यात असणे आणि संहिता आपल्या हातात असणे अगदी शक्य आहे. त्याआधीच्या नोंदी जिल्हा न्यायालयांच्या कारकुनांकडे होत असत. वूस्टरची अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी, हार्वर्डचा नाट्यसंग्रह, रॅडक्लिफचे श्लेसिंजर ग्रंथालय आणि स्मिथ कॉलेजातला सोफिया स्मिथ संग्रह येथील जाणकारांना पहिल्या व शेवटच्या पानाची छायाचित्रे पाठवून विचारता येते.

मराठी वाचक म्हणून आपल्याला एक धागा सांगावासा वाटतो. ऑल्कॉट भगिनींची नाटके छापणाऱ्या रॉबर्ट्स ब्रदर्सनेच 1888 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र छापले होते, आणि ते लिहिणारी कॅरोलाइन हीली डॉल ही बॉस्टनची लेखिका. डॉलच्या कित्येक दशकांच्या रोजनिशा मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. कोणत्या घरी कोण जमले आणि कोण काय बोलले हे टिपून ठेवण्याची तिला सवय होती. बॉस्टन परिसरातल्या स्त्रियांच्या अशा रोजनिशांतच हौशी प्रयोगांचे उल्लेख मिळतात.

वहीची काळजी सोप्या शब्दांत सांगतो: चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नये, इस्त्री करू नये, पाने ओलसर करू नयेत, आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवावी आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र एकदा सरळ आणि एकदा तिरप्या उजेडात घ्यावे, म्हणजे पुसलेली पेन्सिल दिसते.

त्यानंतर एक कागद घेऊन नाटकातली पात्रे, टोपणनावे, रस्ते, दुकाने, चर्च आणि आद्याक्षरे उतरवावीत. वही ज्या गावातून आली तिथली 1850, 1860 आणि 1870 ची जनगणना शेजारी ठेवावी. 1850 पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव, वय आणि जन्मस्थान जनगणनेत नोंदलेले आहे, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचे असे. मग त्या गावच्या चर्चच्या स्त्रीमंडळाचे इतिवृत्त कोठे आहे ते स्थानिक इतिहास संस्थेत विचारावे. उपहास करणारी स्त्री सहसा त्याच खोलीत सुई घेऊन बसलेली असते. इतिवृत्तात जिची हजेरी दर बैठकीला लागलेली आहे आणि नाटकात मात्र जिच्यासारखे पात्रच नाही, तिच्या घरची पत्रे आणि हिशेबाच्या वह्या आधी मिळवाव्यात, आणि आपल्या वहीतले अक्षर त्यांच्याशी लावून पाहावे.